हातात मावणारं अवकाशयान: किट जोडताना आणि रंगवताना हमखास पडणारे प्रश्न (सांगली-मिरज-सातारकरांसाठी)

प्लास्टिकच्या सुट्या भागांचं, तळहातावर मावणारं कल्पित अवकाशयान जोडून रंगवायचं, एवढाच या पानाचा विषय. पुण्या-मुंबईत या छंदाची खास दुकानं आहेत. आपल्याकडे हार्डवेअर, स्टेशनरी, गाड्यांच्या रंगांची दुकानं आणि गणपतीचे कारखाने आहेत. बरंचसं काम त्यावर भागतं, कुठे भागत नाही तेही खाली येईलच. बाकी या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट साधायची असते: दहा सेंटिमीटरची वस्तू बघणाऱ्याला शंभर मीटरची वाटली पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

पहिलं किट कोणतं घेऊ?

लहान, कमी भागांचं आणि स्नॅप-फिट, म्हणजे गोंदाशिवाय दाबून बसणारं. बांदाई या जपानी कंपनीची छोटी यानं यासाठी उत्तम. प्लास्टिक आधीच दोन-तीन रंगांत येतं आणि भाग एकमेकांत चपखल बसतात. दिवाणखान्यात मिरवायला म्हणून पहिल्याच वेळी दोन फुटी जहाज मागवू नका. मोठ्या किटमध्ये तेच तेच काम शंभरदा करावं लागतं आणि अर्धवट खोका माळ्यावर जातो.

किट ऑनलाइन मागवता येतं. पण स्प्रेचे डबे आणि थिनर ज्वलनशील असल्यामुळे विमानाने येत नाहीत. बरेच विक्रेते ते रस्तामार्गे पाठवतात, काही पाठवतच नाहीत. तेव्हा किट येऊन पडायची वाट न बघता रंगांची ऑर्डर आधी टाका.

खोक्यावर १/७२, १/१४४ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय?

खऱ्या वस्तूच्या किती पट लहान, ते. पावणेसहा फुटी माणूस १/७२ मध्ये साधारण २४ मिलीमीटरचा होतो, १/१४४ मध्ये १२ मिलीमीटरचा. इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आहे, ते १/१४४ मध्ये तीस सेंटिमीटर भरतं, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढं.

कल्पित यानांच्या किटवर बऱ्याचदा प्रमाण लिहिलेलंच नसतं. तेव्हा चालकाची काच शोधा. त्या काचेमागे माणूस बसवला तर किती उंच होईल याचा अंदाज घेतला की प्रमाण कळतं. हे शोधायचं ते हौस म्हणून नव्हे, रंगवताना लागतं म्हणून. हजारपट लहान केलेल्या जहाजावर अर्ध्या मिलीमीटरची फट म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या मीटरचं भगदाड. ब्रशचा एक जाड ओरखडा म्हणजे दोन मजली डाग. हे गणित डोक्यात बसलं की रंग पातळ का करायचा, सांधा का घासायचा, हे कुणी सांगावं लागत नाही.

सामान इथे कुठे मिळेल?

वॉटर पेपर गाड्यांच्या रंगांच्या दुकानात मिळतो. ४००, ६०० आणि १००० नंबरचे दोन-दोन कागद घ्या, एका यानाला पुरून उरतील. मास्किंग टेपही तिथेच मिळते, पण ती खरबरीत आणि चिकट असते. वापरण्याआधी हातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा उतरवा. बारीक कडांसाठी मात्र तामिया या जपानी कंपनीची पिवळी टेप मागवणं शहाणपणाचं. कटर, चिमटा, तैलरंगाच्या ट्यूब, सॉफ्ट पेस्टल, शून्य आणि दोन नंबरचे गोल ब्रश हे सगळं स्टेशनरीत किंवा कलासाहित्याच्या दुकानात मिळेल. सांगलीत हरभट रोडला एक फेरी मारली तरी यादीतलं निम्मं हातात येतं. साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यात तसंच.

टर्पेंटाइन हार्डवेअरमध्ये मिळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोठ्या मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं.

इथे मिळत नाहीत आणि मागवावेच लागतात असे तीन जिन्नस: पातळ प्लास्टिक सिमेंट, प्लास्टिक कापायची धारदार नखी (हिला निपर म्हणतात) आणि डिकॅल (पाण्यात भिजवून यानावर सरकवायची चित्रं-अक्षरं) मऊ करायचं द्रावण. निपर येईपर्यंत नेलकटरने निभवता येतं. इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर कापायची पक्कड वापरू नका, ती प्लास्टिक कापत नाही, चिरडते.

फेविकॉल चालेल का?

अंगाला नाही, काचेला हो. प्लास्टिक सिमेंट हा खरं तर गोंद नसून द्रावक आहे. तो पॉलिस्टायरीन वितळवतो, दोन्ही कडा एकमेकांत मिसळतात आणि उडून जातो. म्हणून तो सांधा तुटत नाही. पातळ सिमेंट लावायची रीतही वेगळी. आधी दोन भाग जुळवून धरायचे, मग सांध्याला बाहेरून ब्रशचं टोक टेकवायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो.

फेविक्विक धातूच्या किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या रेझिनच्या भागांना लावा, कारण त्यांना सिमेंट धरत नाही. पारदर्शक काचेजवळ फेविक्विक नेऊ नका. त्याची वाफ काचेवर पांढुरकी बुरशीसारखी बसते आणि पुसून निघत नाही. तिथेच साधा पांढरा फेविकॉल कामाला येतो. काडीच्या टोकाने कडेला लावा, वाळला की पारदर्शक होतो.

भाग धुवायचे असतात म्हणे. खरंच?

हो. साच्यातून सुटायला लावलेला तेलकट अंश असतो. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. भाग फ्रेमवर, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर, असतानाच धुवा आणि सिंकच्या भोकावर गाळणी ठेवा.

भाग फ्रेममधून काढल्यावर पांढरा डाग राहतो. काय करू?

एका घावात कापता म्हणून राहतो. प्लास्टिकवर ताण आला की ते पांढरं पडतं. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलीमीटर लांब घ्या. भाग सुटा झाला की उरलेला खुंट दुसऱ्यांदा कापा, पण अगदी पृष्ठभागाला भिडून नको, केसभर ठेवा. तेवढं ६०० च्या कागदाने घासून काढा. हाताने पिळून तर भाग कधीच तोडू नका. रंग लावणार असाल तर डाग झाकला जाईल, खड्डा मात्र झाकला जाणार नाही.

सांधे दिसतात. लांबी (पुट्टी) भरू का?

आधी ठरवा, तो सांधा आहे की खाच. यानाच्या अंगावर मुद्दाम कोरलेल्या रेघा असतात, पत्र्यांच्या जोडासारख्या. दोन भाग त्या रेघेवर जुळत असतील तर काहीच करू नका. सपाट जागी मध्येच फट दिसत असेल तर मात्र भरली पाहिजे.

गाड्यांना लावतात ती लांबी या कामाला जरा भरड पडते. त्यापेक्षा घरीच करा. फ्रेमचे उरलेले तुकडे बारीक चिरून सिमेंटच्या जवळजवळ रिकाम्या बाटलीत टाका. एका रात्रीत त्याची दाट खळ होते. तेच प्लास्टिक असल्यामुळे घासताना बाजूच्या पृष्ठभागाइतकंच कठीण लागतं आणि सांधा नाहीसा होतो. फक्त ती खळ आकसते, म्हणून थोडी फुगीर भरा आणि दोन दिवस सोडा. दुसऱ्या दिवशी घासलीत तर आठवड्याने तिथे घळ दिसेल.

रंग न लावता ठेवलं तर?

खुशाल ठेवा. रंगीत प्लास्टिकच्या किटवर नुसता मॅट वार्निशचा एक हात आणि खाचांत थोडा मळ एवढं केलं तरी यान निम्मं जिवंत होतं. खेळणं खेळण्यासारखं दिसतं ते मुख्यतः चकाकीमुळे. एवढ्या मोठ्या जहाजावर खिडकीतल्या ट्यूबलाइटचं अख्खं प्रतिबिंब दिसलं की डोळा लगेच ओळखतो, हे हातभर लांबीचंसुद्धा नाही.

एक धोका सांगून ठेवतो. दाबून बसवलेल्या भागांवर आतून ताण असतो. अशा उघड्या प्लास्टिकवर एनॅमल वॉश (खाचांत भरायचा पातळ रंग) किंवा टर्पेंटाइन भरपूर ओतलं तर ते सांध्यात शिरून प्लास्टिकला तडे पाडतं, खिळ्या तुटतात. आधी वार्निशचा थर द्या, मग वॉश, तोही बेताने.

प्रायमर लागतोच का?

ब्रशने पाण्याचे ॲक्रिलिक लावणार असाल तर लागतोच, नाहीतर नखाने रंग सोलला जातो. राखाडी घ्या. तो मारल्यावर राहिलेले ओरखडे आणि फटी लख्ख दिसतात, तेव्हाच दुरुस्त करा. गाड्यांच्या दुकानातला प्रायमरचा डबा वापरायचा मोह होईल. चालतो, पण आधी फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा. काहींतलं थिनर इतकं जहाल असतं की बारीक नक्षी वितळून गुळगुळीत होते. सुटं एनसी थिनर तर प्लास्टिकच्या आसपासही नको.

ब्रश, स्प्रे की एअरब्रश?

पहिल्या यानाला प्रायमर आणि मुख्य रंग स्प्रेच्या डब्याने, बाकी बारीकसारीक ब्रशने. एअरब्रशवर पैसे घालायच्या आधी हा छंद आपल्याला मानवतो का ते बघा.

ब्रशने रंगवायचं तर रंग निवडून घ्या. व्हॅयेहोसारखे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक ब्रशला सोयीचे. तामियाचे ॲक्रिलिक फवारायला फार छान, पण ब्रशने दुसरा हात मारताना खालचा थर उचलून येतो. कॅमलचे चित्रकलेचे ॲक्रिलिकही चालतात. रंगद्रव्याचे कण थोडे भरड असतात, म्हणून पातळ करून जास्त हात द्यावे लागतात. कापडावरचे ॲक्रिलिक नकोत, ते रबरासारखे राहतात आणि घासता येत नाहीत.

हात पातळ, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्याला चपड्याचं पॉलिश करताना बघा. कापडाच्या बोळ्याने इतका पातळ हात देतात की पहिल्या चार-पाच हातांत काही झालंय असं वाटतच नाही, आणि मग हळूहळू खोली येते. यानालाही तसंच. पहिला हात पट्टेपट्टे दिसेल, दुसरा बरा दिसेल, तिसऱ्या-चौथ्याला रंग भरतो. एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. बशीत रंग वाळतो म्हणून जुन्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्या कागदावर रंग घ्या. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला असतो.

एअरब्रश शिकायचाच असेल तर गुरू जवळच आहेत. गणपतीच्या कारखान्यांत पितांबराची छटा आणि गालांवरची लाली फवाऱ्यानेच देतात, आणि तिथल्या रंगाऱ्यांचा हात आपल्या जन्मात येणार नाही इतका सराईत असतो. मात्र आषाढ-श्रावणात जाऊन प्रश्न विचारू नका, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. अनंत चतुर्दशीनंतर जा. आपल्या कामाला ०.३ मिलीमीटरचं नोझल, टाकी असलेला छोटा कंप्रेसर आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरतो. टाकी नसेल तर हवेचा झोत धडधडत येतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी पडतो.

पावसाळ्यात स्प्रे मारला की पांढुरकं का होतं?

द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेतली वाफ त्या थंड, ओल्या रंगावर बसते. वार्निश मॅट असेल तर यानावर राख पडल्यासारखी दिसते. आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांच्या वर गेली की हा खेळ सुरू होतो. घड्याळाएवढा आर्द्रतामापक मिळतो, तो घेऊन टाका.

हा प्रश्न साताऱ्याहून जास्त येतो ते उघडच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सांगलीला त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. सातारा मधे. त्यातही कास, बामणोलीच्या बाजूला घर असेल तर जून ते सप्टेंबर स्प्रे विसराच. तेवढ्यात भाग कापा, जोडा, घासा, ब्रशची कामं करा. सांगलीत पावसाने चार दिवस उघडीप दिली की दुपारी बारा ते तीनच्या मधे फवारणी उरकता येते. डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवा, दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. कोमट म्हणजे हात बुडवता येईल असं. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ नेलात तर डबा फुटेल.

पांढरेपणा आलाच तर घाबरू नका. कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा पातळ, पण ओलसर हात दिला की बऱ्याचदा निघून जातो.

आणि एप्रिल-मे मध्ये?

उलटा त्रास. रंग हवेतच वाळतो आणि यानावर धुळीसारखा बसतो, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागतं. सकाळी सातच्या आत फवारा, डबा जरा जवळून, वीसेक सेंटिमीटरवरून धरा. फवारा यानाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, यानावर बोट सुरू-बंद करायचं नाही. रंगवलेलं यान वाळायला पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, पातळ पंख वाकतात.

सगळं नीट केलं, तरी पांढरं यान खेळण्यासारखंच दिसतं. काय चुकतंय?

पांढरा चुकतोय. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा हे दोन्ही रंग छोट्या मॉडेलवर वापरायचे नसतात. पांढऱ्याच्या वर उजेड दाखवायला जागा उरत नाही आणि काळ्याच्या खाली सावली दाखवायला. पांढऱ्यात थोडा राखाडी आणि अगदी किंचित मातकट घाला. तामियाच्या भाषेत एक्सएफ-२ मध्ये जरासा एक्सएफ-५७. काळ्याच्या जागी गडद राखाडी वापरा.

दुसरं म्हणजे सगळं अंग एकाच रंगाचं असतं. शंभर मीटरचं जहाज शेकडो पत्र्यांचं, वेगवेगळ्या वेळी बदललेल्या, उन्हाने कमी-जास्त विटलेल्या. म्हणून मूळ रंगाच्या तीन छटा करा, एक थोडी निळसर, एक थोडी पिवळट, एक किंचित गडद. खाचांनी आखलेले काही चौकोन निवडून त्यांना पातळ करून लावा. शेजारी-शेजारी नको, रांगेत नको, आणि एकूण चौकोनांपैकी पाचात एकापेक्षा जास्त नको. फरक इतका कमी ठेवा की हातभर अंतरावरून तो नीट दिसू नये, नुसता जाणवावा. इथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो आणि यानाची गोधडी होते.

तिसरं, नक्षी जितकी बारीक तितकं यान मोठं भासतं. खिडक्या रंगवायच्या असतील तर ब्रशने ठिपके देऊ नका, टाचणीचं टोक रंगात बुडवून टेकवा. आणि सगळ्या खिडक्या उजळ नकोत. एवढ्या मोठ्या जहाजात कुणीतरी झोपलेलं असणारच.

खाचांत काळी रेघ भरायची की नाही?

भरायची, पण काळी नको. पांढऱ्या यानावर काळ्या रेघा म्हणजे शाळेच्या वहीतलं चित्र. तैलरंगाच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करा. रंगावर आधी चकचकीत वार्निश द्या आणि एक दिवस वाळू द्या. मग बारीक ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की रंग आपोआप रेघेतून धावतो. बाहेर पसरलेला अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये किंचित ओलावलेल्या कानातल्या काडीने पुसा. पुसताना वरून खाली ओढा, म्हणजे जे राहील ते ओघळासारखं दिसेल.

चकचकीत थर न देता मॅटवर हा प्रयोग केलात तर रंग शोषला जातो आणि सगळं यान मळकट होतं. कुणाला तेच आवडतं, त्यात गैर काही नाही.

गंज दाखवू का?

मी नाही दाखवणार. लोखंडाला तांबेरा चढायला प्राणवायू आणि ओलावा लागतो, अवकाशात दोन्ही नाहीत. शिवाय खरी यानं बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची असतात, त्यांना तांबूस गंज येत नाही. पण तुमचं यान एखाद्या दमट ग्रहावर वर्षानुवर्षं उभं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गंज खालून, पायांकडून चढवा.

मळ कुठे असेल याचा विचार केला तर रंगवायलाही मजा येते. वातावरणातून खाली उतरणाऱ्या यानाचं पोट आणि पुढच्या कडा जळालेल्या दिसतील. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या पोटाला काळ्या फरशा होत्या त्या याच उष्णतेसाठी. इंजिनाभोवती काजळी, दारांभोवती हाताळणीचे ओरखडे, इंधनाच्या तोंडाशी डाग. ज्या यानाने कधी जमीन बघितलीच नाही, त्याला चिखल कुठून लागणार?

काजळीसाठी काळी आणि तपकिरी सॉफ्ट पेस्टल वॉटर पेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशने मॅट पृष्ठभागावर झटका. ओरखड्यांसाठी पॅकिंगमधल्या फोमचा तुकडा तोडा, गडद राखाडीत बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर हलके टेकवा.

सोनेरी पत्रा लावायचा का, असंही विचारतात. खऱ्या उपग्रहांवर जे सोनेरी दिसतं ते उष्णतारोधक आवरण असतं. बाहेरची पारदर्शक पिवळसर पॉलिमाइडची फिल्म आणि तिच्यामागे ॲल्युमिनियमचा मुलामा, त्यामुळे सोन्यासारखं भासतं. चॉकलेटचा सोनेरी कागद चुरगळून सपाट केला की छोट्या मॉडेलवर शोभतो. एका टाकीपुरता ठेवा.

डिकॅल लावल्यावर कडेला चंदेरी कड दिसते.

खाली हवा अडकली आहे. मॅट रंग खडबडीत असतो, म्हणून डिकॅल नेहमी चकचकीत थरावरच लावायचं. पाण्यात वीस सेकंद बुडवा, मग ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा, कागदावरून सरकायला लागलं की जागेवर ढकला. मऊ करणारं द्रावण वरून लावल्यावर ते सुरकुततं. जीव खालवर होतो, पण हात लावायचा नाही. तासाभरात ते ताणून खाचांत बसतं. चंदेरी कड तशीच राहिली तर सुईने बारीक भोकं पाडा आणि पुन्हा द्रावण लावा.

इंजिनात दिवा बसवता येईल?

बसवता येतो, आणि वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. तीन मिलीमीटरचा पांढरा किंवा निळा एलईडी सीआर-२०३२ च्या बटण-सेलवर थेट चालतो. मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे ५ व्होल्टवर चालवायचा तर २२० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर दिवा जळेल. खरं काम उजेड अडवायचं आहे. प्लास्टिक पातळ असल्यामुळे सगळं यान कंदिलासारखं आतून उजळतं. जोडण्याआधी आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर चंदेरी एक हात. अंधारात लावून बघितल्याशिवाय शेवटचा सांधा बंद करू नका.

किटच्या भागांतून स्वतःचंच यान करायचं आहे. चालतं का?

चालतं, आणि ही रीत जुनीच आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी यानांच्या प्रतिकृती करताना कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाडे, विमानं आणि जहाजांच्या किटचे भाग यानाच्या अंगावर चिकटवले. पाइप, झाकणं, झरोके असं जे दिसतं, ते पुष्कळदा कुठल्यातरी रणगाड्याचं असतं. त्याचं कारणही आपलंच: बारीक गुंतागुंत दिसली की डोळा आकार मोठा धरतो.

आपल्याकडे भंगारात खजिना आहे. बंद पडलेला रिमोट, प्रिंटरचे दाते, पेनांची टोपणं, सलाइनचे जोड. पण प्लास्टिकची जात बघा. बाटलीच्या झाकणाचं पॉलिथिलीन सिमेंटलाही जुमानत नाही आणि रंगालाही. काय उपयोगी ते ओळखायला सिमेंटचा थेंब टाका, पृष्ठभाग चिकट झाला तर ते आपल्या कामाचं. चिकटवताना भाग सगळीकडे पसरू नका. मोठी मोकळी जागा आणि मधेच एक दाट पट्टा, असं ठेवलं तर नजरेला विसावा मिळतो. सगळं जोडून झाल्यावर राखाडी प्रायमर मारला की रणगाडा, रिमोट आणि सलाइन एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसू लागतात.

मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला देऊ का?

स्नॅप-फिट, पाण्याचे रंग, तुम्ही शेजारी. कटर, सिमेंट आणि स्प्रे तुमच्याकडे. आणि त्याला जांभळं यान हवं असेल तर जांभळंच होऊ द्या.

घरात वास येतो म्हणून ओरडा बसतो.

बसायलाच हवा. स्प्रे गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. कोविडमधले एन-९५ मास्क कण अडवतात, द्रावकाची वाफ अडवत नाहीत. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं लावलेला मास्क लागतो, तो औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. स्वयंपाकघर, देवघरातली समई आणि गिझर यांच्या जवळपास थिनर उघडू नका. उरलेलं थिनर मोरीत ओतू नका, झाकणाच्या बाटलीत साठवा. गाळ खाली बसला की वरचं ब्रश धुवायला परत वापरता येतं.

तयार मॉडेल ठेवू कुठे?

काचेच्या कपाटात, थेट ऊन येणार नाही असं. उन्हाने डिकॅल आणि वार्निश पिवळे पडतात. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने नाही.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. प्लास्टिकला पाण्याने काही होत नाही, पण खोके, सूचनापत्रकं आणि न वापरलेली डिकॅल भिजली की संपली. ती झिपच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा.

गणपतीच्या आराशीत यान टांगायचं आहे. काही काळजी?

टांगायला मासे धरायचा नायलॉन धागा घ्या, तो दिसत नाही. तीन जागी बांधा. एकाच जागी बांधलं तर पंख्याच्या वाऱ्याने ते गरगर फिरतं आणि समोरचा माणूस आरती सोडून तिकडेच बघत बसतो. जमलं तर नाक थोडं वर आणि एक बाजू किंचित कललेली ठेवा, सरळ आडवं टांगलेलं यान स्थिर, मेलेलं वाटतं. हॅलोजन जवळ नको, एलईडीच लावा. उदबत्ती आणि कापराचा धूर बरोबर वर येतो आणि दहा दिवसांत पोटाला पिवळा राप चढतो, तेव्हा मखराच्या थेट वर टांगू नका. ग्रह करायला थर्माकोल घेऊ नका. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, आणि स्प्रेच्या रंगातल्या द्रावकाने ते डोळ्यांदेखत विरघळतं. कागदाचा लगदा किंवा फुग्यावर वर्तमानपत्राचे थर देऊन केलेला गोळा बरा. त्यावर कुठलाही रंग बसतो, आणि खड्डे-उंचवटे राहिले तर चंद्र म्हणून खपतो.